दाताचे दुखणे ओपीडीची वेळ पाहून येत नाही

कपाशीच्या वेचणीचे दिवस. संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातले एखादे गाव. रात्रीचे अकरा वाजलेले. दिवसभर शेतात राबलेली बाई गाल धरून अंथरुणावर बसली आहे. दाढ दोन दिवसांपासून ठणकते. पहिल्या रात्री लवंग धरून झाली, दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातली गोळी झाली, संध्याकाळी तंबाखूची चिमूट दाढेत दाबून झाली. घरचे म्हणतात, ‘सकाळी पाहू.’ सकाळी गाल थोडा सुजलेला असतो, पण ठणका कमी झालेला असतो. ती पुन्हा वेचणीला जाते.

हे कोणा एकीचे वर्णन नाही. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर असो की घाटाखाली, दाढदुखीचा प्रवास बहुतेक घरांत असाच होतो. बहुतेक वेळा तो तिथेच थांबतो. काही वेळा मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी तोंड उघडेनासे होते, घोट गिळवत नाही, ताप चढतो, हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक होतो आणि रुग्णाला घाईघाईने अपघात विभागात आणले जाते. तेव्हा प्रश्न दाताचा राहिलेला नसतो, श्वासाचा झालेला असतो.

साप चावला तर कुठे जायचे हे आज खेड्यातल्या मुलालाही माहीत आहे. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की १०८ ला फोन जातो. छातीत दुखले तर रात्र-दिवस पाहायचा नाही, हेही लोकांना हळूहळू कळू लागले आहे. दातासाठी मात्र घरापासून रुग्णालयापर्यंत एकच उत्तर तयार असते: सकाळी दंतविभागात या. हे उत्तर पूर्ण चूक नाही. दुखणाऱ्या दहांपैकी बहुतेकांना खरोखरच सकाळपर्यंत थांबता येते. पण कोण थांबू शकतो आणि कोण नाही, हे रात्रीच कोणीतरी पाहायला हवे; आणि ज्याला थांबायला सांगितले, त्याला सकाळी जागा नक्की मिळायला हवी. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी नशिबावर सोडलेल्या आहेत.

ठणका थांबला म्हणजे काय झाले?

दाताच्या आत मऊ गर असतो. त्यात नस आणि बारीक रक्तवाहिन्या असतात. कीड खोल जाऊन या गराला सूज आली की तिला पसरायला जागाच नसते, कारण चारही बाजूंनी कठीण भिंत. इतरत्र सूज आली तर कातडी ताणली जाते. दातात सगळा दाब नसेवर येतो. म्हणून दाढेचा ठणका इतका असह्य असतो. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून तो रात्री जास्त जाणवतो. उशी उंच घेऊन बसल्याने थोडे बरे वाटते ते यामुळेच.

दोन-चार दिवसांनी ठणका आपोआप थांबतो, तेव्हा घरात सुटकेचा श्वास टाकला जातो. प्रत्यक्षात अनेकदा दात बरा झालेला नसतो, आतला गर मेलेला असतो. मेलेली नस दुखत नाही. पण त्या मेलेल्या गरात जंतू वाढतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू साचतो. हा पू नशीब चांगले असेल तर हिरडीवर पुळी होऊन फुटतो. नसेल तर गालात, जबड्याखाली किंवा मानेत उतरतो.

अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी दात का बरा होत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. औषध रक्तातून जाते. मेलेल्या गरात रक्तच पोहोचत नाही. त्यामुळे पाच दिवसांच्या कोर्सने आजूबाजूची सूज ओसरते, मूळ घर तसेच राहते आणि महिन्या-दोन महिन्यांनी तोच दात पुन्हा उठतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाचा गाभा हाच आहे: रुग्णाची प्रतिकारशक्ती ठीक असेल, ताप किंवा पसरणारी सूज नसेल आणि दातावर उपचार मिळण्यासारखा असेल, तर केवळ दातदुखीसाठी अँटिबायोटिक देऊ नये. दात उघडून पूला वाट देणे, रूट कॅनल करणे किंवा दात काढणे हाच उपचार. गोळी त्याला मदत करते, त्याची जागा घेत नाही.

स्वस्त गोळीचा महाग हिशेब

‘दाढ लय ठनकते, गोयी द्या एखांदी,’ हे वाक्य प्रत्येक औषध दुकानदाराने ऐकलेले असते. गोळी मिळतेही. अडचण एका गोळीची नाही. सकाळी एका दुकानातून एक, दुपारी शेजाऱ्याने दिलेली दुसरी, रात्री गावातल्या बोगस डॉक्टरचे इंजेक्शन, असे तीन दिवसांत एकाच जातीचे वेदनाशामक चार नावांनी पोटात जाते. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही सगळी एकाच गोतावळ्यातली औषधे. ती एकत्र घेतली तर वेदना चौपट कमी होत नाही; पोटातला रक्तस्राव आणि किडनीवरचा ताण मात्र वाढतो. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, तरी मोठ्यांची उरलेली गोळी अर्धी करून मुलाला देणारी घरे कमी नाहीत.

आपल्या जिल्ह्यासाठी ही गोष्ट आणखी गंभीर आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांतले किडनीच्या रुग्णांचे दुःख गेली अनेक वर्षे सगळे पाहत आहेत. ज्या गावांत आधीच किडनीचा आजार घरोघरी ऐकू येतो, तिथे उन्हातान्हात कमी पाणी पिऊन राबणाऱ्या माणसाने आठवडाभर दाढेसाठी अशा गोळ्या खाणे म्हणजे दात वाचवण्याच्या नादात किडनी पणाला लावणे आहे. दात गेला तर कवळी बसते. किडनी गेली तर डायलिसिसच्या खेपा सुरू होतात.

घरगुती उपायांतही तारतम्य हवे. लवंगेच्या तेलातले युजेनॉल नस तात्पुरती बधिर करते, हे खरे आहे. कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब किडलेल्या जागी ठेवायला हरकत नाही. बाटलीच ओतली तर हिरडी भाजते. डोकेदुखीची गोळी कुटून हिरडीवर चोळणे, रुईचा चीक लावणे, चुना भरणे यांनी तर जखमच होते. तंबाखू आणि मिश्री यांचे दुखणे वेगळे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री दुखऱ्या हिरडीवर फिरतच राहते, आणि दाढेच्या निमित्ताने लागलेली सवय आयुष्यभर सुटत नाही. बाजाराच्या दिवशी भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतून ‘किडे’ काढून दाखवणारेही काही ठिकाणी भेटतात. ते किडे दाढेतले नसतात, धुरीत तडकलेल्या बियांतले कोंब असतात. दाताची कीड ही अळी नाही; साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि दात विरघळत जातो, त्या खड्ड्याला आपण कीड म्हणतो.

रात्रीच निघायचे कधी?

पहिली खूण सुजेची. सूज डोळ्यापर्यंत चढत असेल किंवा जबड्याखाली, मानेत उतरत असेल. तोंड दोन बोटांइतकेही उघडत नसेल. लाळ गिळता येत नसेल, आवाज घोगरा झाला असेल, जीभ वर उचलली गेली असेल, श्वासाला त्रास असेल किंवा सोबत थंडी वाजून ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नये. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरणाऱ्या या संसर्गाचे वर्णन केले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अँटिबायोटिक येण्यापूर्वी त्यात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आजही उशीर झाला तर श्वासनलिका दाबली जाऊन माणूस काही तासांत जाऊ शकतो. याची सुरुवात बहुतेक वेळा खालच्या दाढेतूनच होते. मधुमेह असलेल्यांत हा संसर्ग वेगाने पसरतो, म्हणून साखरेच्या रुग्णाने गालाची छोटी सूजही हलक्यात घेऊ नये. अशा वेळी दंतवैद्य शोधत फिरण्यापेक्षा १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

दुसरी खूण अपघाताची. मोटारसायकल घसरली, बैलाने धक्का दिला, खेळताना बॅट लागली आणि मुलाचा समोरचा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो दात मेलेला नसतो. मुळावरच्या पेशी थोडा वेळ जिवंत असतात. दात चकाकणाऱ्या वरच्या भागाला धरावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवावा, घासू नये. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात त्याच खाचेत बसवून रुमाल चावायला द्यावा. बसवता आला नाही तर वाटीभर थंड दुधात टाकून निघावे. साध्या पाण्यात ठेवू नये, त्याने पेशी फुटतात. रुमालात गुंडाळून नेला तर वाळतात. पहिली १५ मिनिटे सोन्याची. तासभर कोरडा राहिलेला दात बसवला तरी पुढे टिकण्याची आशा फार कमी होते. मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला जाताना जो वेळ जातो, त्या वेळात दात वाचणार की नाही हे वाटीतले दूध ठरवते. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. खालच्या पक्क्या दाताला इजा होते. मार लागल्यावर उलट्या, बेशुद्धी, जबडा वेडावाकडा झालेला असेल तर दात बाजूला ठेवून आधी माणसाला न्यावे.

तिसरी खूण रक्ताची. दात काढल्यावर रात्रभर लाळ गुलाबी येते, त्यात भीती नाही. तोंडात गुठळ्या जमत असतील तर स्वच्छ कापडाची घट्ट घडी त्या जागी ठेवून २० ते ३० मिनिटे सलग चावून धरावी. सारखे थुंकू नये, चूळ भरू नये. त्याने जमलेली गुठळी निघून जाते. एवढे करूनही रक्त थांबत नसेल तर रुग्णालय गाठावे. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

चौथी खूण सर्वांत फसवी. पन्नाशीपुढच्या माणसाचा खालचा जबडा, विशेषतः डावीकडचा, चालताना किंवा ओझे उचलताना दुखतो, थांबल्यावर राहतो, सोबत घाम येतो किंवा धाप लागते. दात ठोकून पाहिले तर एकही दुखत नाही. हे दुखणे दाताचे नसते, हृदयाचे असू शकते. अशा रुग्णाला दंतविभागाच्या रांगेत नव्हे, ईसीजीच्या खोलीत जागा हवी.

सकाळपर्यंतची रात्र

या खुणा नसतील तर रात्र काढता येते. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल घ्यावे. २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही वरची मर्यादा, आणि यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर त्याहून बरीच खाली. किडनी, अल्सर, दमा, हृदयविकार यांपैकी काही नसेल आणि गर्भारपण नसेल, तर जेवणानंतर सोबत आयबुप्रोफेन चालते. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी. गालाला बाहेरून थंड पाण्याची पट्टी लावावी, गरम शेक नको. गर्भवतीने दाताचे दुखणे बाळंतपणापर्यंत ढकलू नये. तातडीचा उपचार कोणत्याही महिन्यात करता येतो आणि बधिर करण्याचे लिग्नोकेन तिच्यासाठी सुरक्षित आहे.

आणि सकाळी ठणका थांबला असला तरी जावे. किंबहुना थांबला असेल तर नक्की जावे. तंबाखू खाणाऱ्याचा दात काढल्यावर जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती तोंडाच्या कर्करोगासाठी तपासून घ्यावी.

काय बदलता येईल?

इथपर्यंत जबाबदारी रुग्णाची. पण सगळे त्याच्यावर ढकलून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती, तालुके १३, आणि दर पाच माणसांतली जवळपास चार माणसे खेड्यात राहणारी. विदर्भात सरकारी दंत महाविद्यालय आहे ते नागपूरला. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत दंतशल्यचिकित्सकाचे पद ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर धरले आहे, प्राथमिक आरोग्य केंद्राला नाही. म्हणजे गावातून निघालेल्या दातदुखीला पहिला दंतवैद्य भेटतो तो तालुक्याच्या गावी, दिवसाच्या ओपीडीत. त्या दिवशीची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, आणि रांग लांब असेल तर ‘परवा या’ हे ऐकावे लागते. परवा तो येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे मोठे पाऊल होते. पण मोफत उपचार ज्या वेळी दुखते त्या वेळी हाताशी नसेल, तर गरिबाच्या वाट्याला गोळीच येते.

अमेरिकेत, मेरीलँड राज्यात २००७ मध्ये १२ वर्षांचा एक मुलगा दाताच्या संसर्गातून मेंदूत पू होऊन दगावला. दात वेळेवर काढला असता तर खर्च सुमारे ८० डॉलर होता. त्याला वाचवण्याच्या प्रयत्नात अडीच लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला. एवढ्या श्रीमंत देशात गरिबाच्या मुलाला दंतवैद्य मिळाला नव्हता. त्या मृत्यूनंतर राज्याने गरीब मुलांच्या दंतसेवेची व्यवस्था बदलली. आपण बदलासाठी अशा बातमीची वाट पाहू नये.

प्रत्येक तालुक्यात चोवीस तास दंतखुर्ची हवी, ही मागणी ऐकायला छान आहे, पण ती व्यवहार्य नाही आणि तिची गरजही नाही. रात्री येणाऱ्या बहुतेकांना खुर्ची नको असते, ओळख हवी असते. अपघात विभागातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना एका दिवसाच्या प्रशिक्षणात चार गोष्टी शिकवता येतील: धोक्याची सूज ओळखणे, निखळलेला दात बसवणे, खाचेतले रक्त थांबवणे आणि जबड्यात दुखणारे हृदय ओळखणे. घाटावर बुलढाण्याला आणि घाटाखाली खामगाव किंवा शेगावला, अशा दोन ठिकाणी रात्री बोलावता येणाऱ्या दंतशल्यचिकित्सकांची यादी असावी. सरकारी मनुष्यबळ पुरत नसेल तर खासगी दंतवैद्यांना मानधनावर या यादीत घेता येईल. बुलढाण्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तिथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना तोंड हा शरीराचाच भाग आहे हे पहिल्या वर्षापासून शिकवले, तर या कामाला कायमचा आधार मिळेल.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे सकाळची जागा. प्रत्येक दंतविभागात दिवसाच्या पहिल्या काही जागा रात्रभर दुखलेल्यांसाठी राखून ठेवाव्यात. अपघात विभागाने चिठ्ठी दिली की त्या माणसाला रांगेत उभे राहावे लागू नये आणि त्याच दिवशी पूला वाट मिळावी. याला नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. एक आदेश आणि तो पाळणारे दोन विभाग लागतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांत मुखआरोग्य आहेच. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे धोक्याच्या खुणांचा फलक आणि दंतविभागाचा फोन नंबर असला, तर संग्रामपूरच्या त्या बाईला रात्री अकरा वाजता कोणाला तरी विचारता येईल.

खर्चाचा आक्षेप येईल. राखीव जागांना खर्च नाही, प्रशिक्षणाला थोडा आहे, यादीला मानधन लागेल. दुसऱ्या बाजूला मानेत उतरलेल्या एका संसर्गासाठी अतिदक्षता विभागातले दिवस, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रिया आणि घरातल्या दोन माणसांची बुडालेली मजुरी मांडून पाहावी. गोळ्यांनी बिघडलेल्या किडनीचे वर्षानुवर्षांचे डायलिसिस मांडून पाहावे. मग कोणता खर्च मोठा, हे सांगायला तज्ज्ञ लागणार नाही.

‘सकाळी पाहू’ हे वाक्य वाईट नाही. रात्री कोणी जाणत्याने तोंडात डोकावून ते म्हटले असेल आणि सकाळी पाहणारा खरोखर जागेवर असेल, तर तो वैद्यकीय सल्ला आहे. या दोन्ही गोष्टी नसतील, तर ती फक्त गोळी मोजत काढलेली आणखी एक रात्र असते.